जमुनाबाईची हरकत

‘माझी काही हरकत नाही’ हे वाक्य मी हल्ली तोंडातून काढत नाही. सून रेणूने विचारलं, ‘आई, आज लाखोरीची भाजी करू का?’ तर मी ‘कर’ म्हणते. बसमध्ये कोणी ‘आजी, जरा सरकता का?’ म्हटलं तर काही न बोलता सरकते. सुनेला वाटतं, आई चिडक्या झाल्या. नातीला वाटतं, आजीला ऐकू कमी येतं. खरं कारण मी दोघींना सांगितलेलं नाही. ते इथे लिहिते, कारण मला लिहिता येतं, आणि येत असलेली गोष्ट वापरली नाही तर ती आमच्या विहिरीवरच्या चाकासारखी गंजून जाते. त्या चाकाबद्दल मात्र मी जरा जपूनच बोललेलं बरं.

मी अक्षरं उशिरा शिकले. प्रफुल, म्हणजे माझा मुलगा, कॉलेजात जायला लागला तेव्हा मी ‘क’ला काना देत होते. आमच्या गल्लीतल्या बायांचा वर्ग अंगणवाडीत दिवेलागणीला भरायचा. सगळ्या सही शिकल्या. फक्त मागच्या घरातली जमुनाबाई शिकली नाही. ती रोज यायची, भिंतीला टेकून फुटाणे खायची आणि आमच्या अक्षरांना नावं ठेवायची.

“तुही ‘कुंदा’ लंगडून राहिली वं,” माझी सही पाहून म्हणायची.

मास्तरीण म्हणायची, “जमुनाबाई, निदान सही तरी शिका.”

“कायले? सही कोनीबी चोरते. मले देवानं अंगठा देल्ला, तो कोन चोरते?”

तिच्या त्या अंगठ्यावर धान कापताना विळा लागून आडवी खूण उमटली होती. ती खूण तिला फार महागात पडली. राशनच्या मशीनने तिचा अंगठा जन्मात कधी ओळखला नाही. दुकानदार म्हणायचा, “मावशी, मशीन बोलती है, ऐसी कोई औरत नहीं.” आणि जमुना भर दुकानात ओरडायची, “मी जित्ती उभी आहो ना बे! हात लावून पाह्य!” दुकानदार हात लावायचा नाही. मग माझ्या सहीवर तिचा तांदूळ निघायचा. असो. मी विषय सोडून भटकते अशी घरात तक्रार आहे, पण हा अंगठा पुढे लागणार आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. आमचं घर गोंदियातून नागऱ्याकडे जाताना लागतं. नात खुशी बारावीला गेली आणि तिला अभ्यासाला खोली पाहिजे झाली. त्याच सुमारास प्रफुलच्या ऑफिसात नागपूरच्या बदलीचं निघालं. तो जेवताना म्हणाला, “आई, उन्हाळा सरेपर्यंत मागं खोली झाली तर मी बदलीले नाही म्हनतो. नाही झाली तर आम्ही तिघं नागपूरले भाड्यानं राह्यतो. तू पण चाल.”

मी काही नागपूरला जाणार नव्हते. त्या शहरातल्या पाट्या एवढ्या मोठ्या आणि एवढ्या वेगाने जातात की मला अर्धीच अक्षरं सापडतात. म्हणजे सरळ हिशोब होता. मागे खोली झाली तर घरात माणसं राहतील, नाही झाली तर मी आणि भिंती.

मागे आमची विहीर आहे. तिच्यावर स्लॅब टाकून खोली बांधायची असं ठरलं. नळ आल्यापासून विहिरीला आम्ही विचारत नव्हतो. तिच्याकडे जायला आमच्या आणि छोटेलालच्या घरामधून एक अरुंद बोळ आहे. छोटेलाल रंगाच्या डब्यांचं दुकान चालवतो, बोलतो हिंदी. त्या बोळातून जमुना रोज दिवेलागणीला पितळी गुंड, म्हणजे घागर, घेऊन पाणी भरायला यायची. मागच्या पोळ्याच्या आगेमागे ती गेली. मागेपुढे कोणी नव्हतं. घराला कुलूप लागलं, दोर कोणीतरी नेला, चाक गंजलं. मला वाटलं, आता आडवं येणारं कोणी उरलं नाही.

परवानगीच्या कार्यालयात एक बाबू होते. माझ्या हातातला कागद त्यांनी रेणूच्या हातात दिला. हे माझं नेहमीचंच आहे. लुगड्यातली म्हातारी आणि कागद एकत्र दिसले की लोकांना कागदाची काळजी वाटते. मी तो परत घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला. बाबू म्हणाले, “आजी, मी वाचलाय. त्या विहिरीवर आणि बोळावर ज्यांची ज्यांची वहिवाट आहे, त्यांचं ना-हरकत आणा.”

“म्हणजे छोटेलाल आणि जमुनाबाई. पण जमुनाबाई वारली.”

“मग तिच्या वारसांचं आणा.”

“वारस नाहीत.”

“मग कोणाचं तरी आणा,” असं म्हणून ते चहाला गेले.

आधी छोटेलालकडे गेले. वाटलं, हे सोपं आहे. पंचवीस-तीस वर्षांचा शेजार. मी म्हटलं, “छोटेलाल, एका ना-हरकतवर सही पाहिजे.”

तो डबा उघडता उघडता थांबला. “ना हरकत? काकीजी, मैंने कौन सी हरकत की?”

“तू नाही केली. म्हणून तर लिहून दे, की हरकत नाही.”

“देखो, ऐसा काग़ज़ थाने में लिखवाते हैं. ‘आगे से कोई हरकत नहीं करूँगा.’ मेरे साले से लिखवाया था. मैं शरीफ़ आदमी हूँ, मैं नहीं लिखूँगा.”

मी त्याला पुष्कळ समजावलं, की मराठीत हरकत म्हणजे आडकाठी. तो म्हणाला, हिंदीत हरकत म्हणजे उचापत, आणि तो तर हिंदीतच राहतो. शेवटी त्याची बायको बाहेर येऊन म्हणाली, “काकीजी, इनकी हरकतें मैं जानती हूँ, सही मत लेना.” त्या दिवशी सही मिळाली नाही.

रेणूला शाळेतल्या कायदेविषयक शिबिराचं कळलं. मांडव होता, खुर्च्या होत्या, आणि अॅडव्होकेट पुष्पांजली नावाच्या तरुण वकीलबाई लोकांच्या प्रश्नांना फुकट उत्तरं देत होत्या. माझ्या पुढे कामठ्याचा एक माणूस होता. शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी त्याच्या अंगणात आली होती, आंबे कोणाचे? बाई म्हणाल्या, “झाड त्यांचं, आंबे त्यांचे. फांदी नको असेल तर त्यांना सांगून आपल्या हद्दीपुरती छाटू शकता.” माणसाने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, “आन् जे खाल्ले त्याचं?”

त्याच्यानंतर एक म्हातारी होती. तिने घर लेकाच्या नावाने करून दिलं होतं आणि आता लेक जेवायला घालत नव्हता. बाईंनी तिचे कागद शांतपणे पाहिले. म्हणाल्या, “सांभाळीन अशी अट यात लिहिली आहे ना? मग घर परत मागता येतं, आपण अर्ज करू.” आणि सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, “हो म्हणायच्या आधी अट लिहून घ्या. नुसतं हो म्हणू नका.” हे वाक्य मी मनात नीट ठेवलं.

माझी पाळी आली. मी सगळं सांगितलं.

“असा हक्क,” वकीलबाई म्हणाल्या, “वर्षानुवर्षं, उघडपणे, भांडणतंटा न होता चालत आला असेल, तर तो साधारणपणे घराला चिकटतो, माणसाला नाही. माणूस गेला तरी घर आहे. म्हणून वारस विचारतात.”

“आणि वारसच नसले?”

“कोणीतरी लांबचं निघतंच. कोणीच नाही निघालं तर शेवटी मालमत्ता सरकारकडे जाते.”

“म्हणजे सरकार दिवेलागणीला आमच्याकडे पाणी भरायला येईल?”

मांडव हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सल्ला दिला, की जागेवर नोटीस लावा, मुदत द्या, कोणी हरकत घेतली तर मला कळवा. “ही सर्वसाधारण माहिती झाली,” त्या म्हणाल्या. “मी कागद पाहून पक्कं सांगेन.”

नोटीस मी स्वतः लिहिली. बोळाच्या तोंडाला प्रफुलने नवीन पत्र्याचं फाटक बसवलं होतं, आतून कडी असलेलं. त्याच्यावर डकवली. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘या विहिरीवर बांधकाम करणार आहोत. कोणाची काही हरकत असल्यास पंधरा दिवसांत कुंदाबाईस कळवावे.’ एकही काना चुकला नव्हता. मी दोनदा रस्त्याच्या पलीकडून वाचून आले.

छोटेलालने ती वाचली आणि त्याचं तोंड उतरलं. त्याने गल्लीला सांगितलं, “काकीजी ने लिख के लगाया है, कुएँ पे कुछ हरकत हो तो खबर करो. मतलब कुछ तो हो रहा है वहाँ. ऐसे ही कौन लिखता है?”

त्यानंतर लोक हरकती कळवायला यायला लागले. कोणाचं दूध नासलं. कोणाची कोंबडी दोन दिवस विहिरीकडे तोंड करून बसली. एका बाईच्या नवऱ्याने म्हणे बोळापाशी आपोआप बिडी टाकली आणि ती पुन्हा पेटलीच नाही. मी म्हटलं, ही तर चांगली गोष्ट झाली. ती म्हणाली, “हो, पर हरकत तं आहे ना?” सल्ले तर विचारू नका. कोणी नागऱ्याच्या महादेवाचं पाणी शिंपायला सांगितलं, कोणी लिंबू, कोणी लिंबू पण हिरवं नको. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर जेवून आलेला एक ट्रकवाला तर सांगून गेला, की तिकडे अशीच एक विहीर होती, तिच्यावर हॉटेल बांधलं, आणि आता तिथे वरण शिजतच नाही. मी प्रत्येकाला सांगत होते, की बाबा रे, ही मराठी हरकत आहे. कोणी ऐकत नव्हतं. म्हातारपणी कमावलेल्या अक्षरांची एवढी बेअब्रू मी कधी पाहिली नव्हती.

छोटेलालने कॅमेरा बसवला. आपल्या भिंतीवर, तोंड आमच्या बोळाकडे. तो त्याच्या मोबाईलला जोडला होता आणि मोबाईल हिंदीत होता. पहिल्याच दिवशी दिवेलागणीला तो दाणदाण पळत आला आणि त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर लिहून आलं होतं: ‘हरकत पाई गई’.

“मैं नहीं बोल रहा काकीजी. मशीन बोल रही है.”

प्रफुल म्हणाला, “काही हललं की येते तसं. उंदीर असन.”

चित्रात बोळ रिकामा होता. फाटक बंद होतं. मग एक क्षण सगळं करडं झालं, आणि मग फाटक उघडं होतं. मध्ये काहीच नव्हतं. उंदीर नव्हता, वारा नव्हता, भिंतीवरच्या वेलाचं पानही हललं नव्हतं.

मी म्हटलं, “कडी सैल असन.”

दुसऱ्या दिवशी प्रफुलने कडीत तार घातली. दिवेलागणीला मोबाईल वाजला, ‘हरकत पाई गई’. तार सोडवून, नीट गुंडाळून, खाली दगडावर ठेवलेली. जमुनेला पसारा आवडायचा नाही, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. मी गेले तर विहिरीपाशी दगडावर ओला गोल. पितळी गुंड ठेवला की जसा उमटतो तसा. वर चाक. दोर नाही, बादली नाही, गंजाने लाल झालेलं चाक, आणि ते अगदी हळू फिरत होतं, कोणीतरी नुकतंच सोडून दिल्यासारखं. मी ते थांबेपर्यंत पाहत उभी राहिले. थांबल्यावर पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. थेंब असेल. घरात आल्यावर माझ्या लक्षात आलं, की पदराचं टोक ओलं आहे.

मी वकीलबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, “हरकत आली का?”

“आली.”

“कोणाची?”

“जमुनाबाईची.”

“आजी, त्या तर वारल्या ना? मृत व्यक्तीला हरकत घेता येत नाही.”

“मला माहीत आहे हो. तिला माहीत नसावं.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता सुनेला बोलावतील. पण त्या म्हणाल्या, “तोंडी की लेखी?”

“फाटकी.”

“म्हणजे?”

“फाटक उघडते.”

“हरकत लेखी हवी. त्याशिवाय विचारात घेता येत नाही.”

“तिला लिहिता येत नव्हतं.”

“अंगठाही चालतो. पण तो दोन साक्षीदारांसमोर उठवलेला हवा, कोणाचा आहे हे त्यांना सांगता आलं पाहिजे.”

हे बोलणं मी घरी येऊन कोणाला सांगितलं नाही. पण येताना बोळापाशी थांबून मी स्वतःशीच म्हटलं होतं, ‘लेखी पाहिजे म्हनते.’ माझी सवय आहे, वाचलेलं आणि ऐकलेलं मोठ्याने म्हणायची.

दुसऱ्या दिवशी नोटिशीवर अंगठा होता.

माझ्या सुंदर अक्षरांच्या खाली, जिथे मी थोडी जागा सोडली होती, तिथे. विहिरीच्या तळाशी असतो तशा काळ्या गाळाचा. आणि त्याच्यावर आडवी, बारीक, पांढरी रेघ.

प्रफुल चिडला. म्हणाला, कोणीतरी खोडी करून राहिलं. छोटेलालवरच त्याचा संशय गेला. छोटेलालने दुकानातला निळा रंग काढला, दोन्ही अंगठे बुडवले आणि वर्तमानपत्रावर उठवले. “लो! देख लो! दस उँगलियाँ भी दे दूँ?” मग प्रफुलने गल्लीतल्या सगळ्यांचे अंगठे मागितले. लोक रांगेत उभे राहिले, जसं काही लसीकरण चालू आहे. ज्या बाया वर्गात सही शिकल्या होत्या त्यांच्यातल्या एक-दोघीच उरल्या आहेत, त्याही आल्या. एक म्हणाली, “कुंदा, यासाठीच शिकलो का आपण?” शेवटी प्रफुल माझ्याकडे वळला.

“आई, तुझाबी दे. म्हणजे कोणाले बोलाले जागा नाही.”

माझा! अक्षरं आल्यापासून मी कुठेही अंगठा दिला नव्हता. बँकेत एकदा शाई पुढे केली तर मी बँकेच्याच पेनाने सही करून ते पेन घरी आणलं होतं. आणि इथे, भर गल्लीत, पोटच्या पोराने मला निळ्या रंगात अंगठा बुडवायला लावला. मी बुडवला. कोणाचाच जुळला नाही. आडवी रेघ कोणाच्याच अंगठ्यावर नव्हती.

त्या दिवशी खोलीसाठी ठरवलेल्या गवंड्याने घमेलं उचललं आणि तो निघून गेला. दुसरा मिळेना. प्रफुल अर्ध्या ताटावरून उठला. हात धुताना म्हणाला, “आई, नागपूरले खोली पाहून ठेवली. येत्या महिन्यात जातो.” खुशी ताटातल्या भाताकडे पाहत होती. तिने भात चिवडून त्याची लहान लहान घरं केली होती.

पुढच्या संध्याकाळी ते तिघं नागऱ्याला देवळात गेले. मी गुडघ्याचं निमित्त केलं. फाटकाची कडी मीच काढून ठेवली, उगीच तिला त्रास कशाला. पाट घेतला आणि विहिरीपाशी जाऊन बसले.

उजेड कमी व्हायला लागला, तसा गल्लीतला आवाज लांब लांब गेला. कुत्री गप्प झाली. मला ओल्या दोराचा वास आला. दोर तर केव्हाच गेला होता. मग बोळात खोकल्यासारखं झालं. दोनदा. जमुना आत शिरताना नेहमी दोनदा खोकायची, म्हणजे कोणी आंघोळीला बसलं असेल तर सावरावं.

मी मागे वळून पाहिलं नाही. मी साक्षर आहे, मूर्ख नाही.

दगडावर टण्ण् झालं. माझ्या पायाशी, रिकाम्या दगडावर, एक ओला गोल उमटला आणि हळूहळू सुकायच्या ऐवजी मोठा होत गेला.

“काऊन वं जमुना,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला. “पाणी तं नळाले आहे. तुले आता पाणी लागते तरी का? मग काऊन अडवून राहिली? माहे पोरं जाऊन राहिले ना घर सोडून.”

चाक फिरायला लागलं. करकर, करकर. खाली पाण्यात आभाळाचा शेवटचा तुकडा होता, राखाडी, ताटाएवढा. चाक फिरलं की तो हलायचा. तो तुकडा पाहताना मला तिचं बोलणं आठवलं. तिच्या माहेरचे लोक पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणारे. पलीकडच्या कोणीतरी विहिरीवर झाकण टाकलं तेव्हा ती आठवडाभर बडबडत होती: “पान्याले आभाळ दिसलं पाह्यजे. नाही तं थे गुदमरते. मानसालेबी जमत नाही, पान्याले कसं जमन?” आम्ही सगळ्या हसलो होतो. आणि आम्ही तर विहिरीवर आख्खी खोली टाकायला निघालो होतो.

“असं आहे का?” मी म्हटलं. “विहिरीवर छत नको तुले?”

चाक फिरतच राहिलं.

मला वकीलबाईंचा शब्द आठवला. अट. “बरं. आयक. खोली दोन बाजूनं घेतो. विहिरीवर आभाळ उघडं ठेवतो. बोळाले कुलूप लावत नाही. पण तू मले लिहून देशील. अंगठा. साक्षीदारासमोर.”

चाक थांबलं. मी त्याला होकार धरला. वकीलबाईंना विचारलं असतं तर गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे असं त्यांनी सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

कागद मी रात्रभर मनात जुळवला आणि सकाळी लिहिला. ‘विहिरीवरचं आभाळ आणि बोळाची वहिवाट कायम ठेवण्याच्या अटीवर माझी काही हरकत नाही.’ आता दुसरा साक्षीदार पाहिजे होता. छोटेलालच उरला होता. तो आधी नाही म्हणाला, मग त्याची बायको म्हणाली, “जाओ, नहीं तो रोज़ मोबाइल बजेगा.” दिवेलागणीला तो माझ्यामागे पदराला धरून उभा राहिला, पन्नाशीचा माणूस. मी दगडावर कागद ठेवला, बाजूला शाईचं पॅड ठेवलं. खोकला ऐकू आला. दोनदा. छोटेलालने माझा पदर दातात धरला. पॅडचं झाकण उघडल्याचा आवाज झाला, टिक्. मी समोरच पाहत होते, आणि सांगते, मी काही पाहिलं नाही. कागद मध्येच जरासा दबला, आणि सुटला. त्यावर निळा अंगठा होता, आडव्या रेघेसकट. एवढा स्वच्छ उठलेला, की राशनच्या मशीनने तो हसत हसत घेतला असता.

“छोटेलाल, पाहिलंस ना?”

“काकीजी, आँखें बंद थीं.”

“साक्षीदाराने डोळे उघडे ठेवायचे असतात!”

“पर आवाज़ तो सुनी ना. कान से गवाही नहीं होती क्या?”

मी त्याच्याकडून सही घेतली. हातासरशी त्याने स्वतःचंही ना-हरकत लिहून दिलं, हिंदीत: ‘मैंने कोई हरकत नहीं की और न कभी करूँगा.’

बाबूंना मागचं काही आठवत नव्हतं. त्यांनी कागद पाहिले. छोटेलालचा घेतला. जमुनेचा उलटासुलटा केला आणि म्हणाले, “बाई हयात आहे ना?”

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, “येणंजाणं आहे.”

त्यांनी शिक्का मारला.

खोली झाली. जरा अरुंद झाली, पण खुशीची खाट, टेबल आणि पंखा बसला. मधे विहीर, वर उघडं आभाळ, बाजूला जाळी. बदलीला प्रफुलने नाही म्हटलं. गवंडी परत आला आणि त्याने जास्त मजुरी घेतली नाही, उलट काम लवकर उरकलं. कॅमेरा छोटेलालने काढला नाही. रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडून त्याचा आवाज येतो, “काकीजी, हरकत पाई गई!” आणि मी इकडून म्हणते, “येऊ दे.” गल्लीला सवय झाली आहे. खुशी त्या आवाजावर अभ्यासाचा दिवा लावते.

म्हणून तर मला वाटलं होतं, की आता मिटलं.

मग मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी विहिरीपाशी तांदूळ निवडत बसले होते. घरातले आतच होते. खोकला ऐकू आला. टण्ण् झालं. चाक मात्र फिरलं नाही. मग माझ्या अगदी कानापाशी, फुटाण्यांच्या वासासकट, ओल्या आवाजात कोणी म्हणालं, “कुंदा. इकडं लय एकटं वाटते वं. तुले घेऊन जाऊ का?”

आता सांगते, ही माझी जुनी सवय. तिने कधीही काही मागितलं, तांदूळ, माचीस, अंगठ्याऐवजी सही, की मी काम करता करता मान वर न करता म्हणायचे, ‘माझी काही हरकत नाही.’ ते वाक्य तेव्हाही जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पहिला शब्द बाहेर पडलाही असता. मी सुपातले तांदूळ मुठीत घट्ट धरले आणि वकीलबाईंचा आवाज काढून म्हटलं,

“अर्ज कर. लेखी. पंधरा दिवसांची मुदत दे. आन् दोन साक्षीदार आण.”

मग पाण्यात एक थेंब पडला. फाटक बाहेरून नीट लावल्याचा आवाज आला. मी आत गेले, चहा मागितला, आणि मला वाटलं, काय बरोबर पेचात पकडली. कुठून आणते साक्षीदार पाहू.

चहा अर्धा झाला तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्या वर्गातल्या बहुतेक बाया आता तिकडेच आहेत. आणि सगळ्यांना सही येते.